निळ्या कड्याच्या कोंबड्या

“मामाला बोलताना जरा जपून,” आई म्हणाली. ती बबडीची नखं कापत होती. नखं कापताना ती मान वर करत नाही, त्यामुळे हे वाक्य ती माझ्या मुलीच्या अंगठ्यालाच सांगते आहे असं वाटलं. “त्याला चूक दाखवली ना, की तो ती घेऊन टाकतो. त्याची नसली तरी.”

“आई, मी ऑफिसच्या कामाला चाललेय. भांडायला नाही.”

“भांडलीस तर परवडलं. तो भांडत नाही, हाच तर सगळा घोळ आहे.”

मी दुधाच्या बाटलीचं बूच पुन्हा घट्ट केलं. आधीच घट्ट होतं. बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर रुजू होऊन मला फार दिवस झाले नव्हते. निघताना गॅस, खिडकी, औषधाची बाटली, झोपलेल्या बबडीचा श्वास, सगळं तपासून झालं तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. त्या गडबडीत आईचं बोलणं कानावरून गेलं. शिवाय त्यामागची गोष्ट मला पाठ होती. लहानपणी आईने शेजारच्या शिंपीणकाकूंच्या मशीनची सुई मोडली आणि धाकट्या भावाने, म्हणजे मामाने, ‘मी मोडली’ म्हणून सांगितलं. यात विशेष काही नाही, भावंडं करतात असं. विशेष हे, की पुढे मामाला ते खरंच वाटायला लागलं. माझ्या लग्नात त्या काकू आल्या होत्या, पार थकलेल्या. मामाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, “काकू, त्या सुईचं तेवढं मनात ठेवू नका.” काकूंना सुई आठवेना. आईला हसावं की रडावं ते कळेना.

“बरं, बघते,” मी म्हणाले, बबडीच्या कपाळाला ओठ टेकवले आणि निघाले.

मी कोंबड्यांच्या पैदास केंद्रात काम करते. असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, अंडी फुकट मिळतात का. मिळत नाहीत. आणि मी कोंबड्यांना हातही लावत नाही, त्यांच्या आकड्यांना लावते. आमच्याकडे शुद्ध वाण आहेत, पिढ्यानपिढ्या आपापसातच वाढवलेले. त्यातली प्रत्येक कोंबडी एका पिंजऱ्यात एकटी राहते, कारण कुणी किती अंडी घातली ते नेमकं कळायला हवं. थंड हवा, गाळलेलं पाणी, आणि आत जायचं तर माणसानेसुद्धा डोक्यावरून आंघोळ करून केंद्राचे कपडे घालायचे. शेडवाल्यांच्या शेडमध्ये पोचते ती कोंबडी मात्र ही नव्हे. दोन वाणांचा संकर केला की जी निघते, ती तिथे जाते. उकाड्यात, धुळीत, एका पिंजऱ्यात पाच-पाच जणी.

निवड आम्ही शुद्ध वाणात करतो आणि भोगायची असते ती संकरित कोंबडीने. ज्या कोंबड्याच्या बहिणी आणि लेकी एकटीच्या पिंजऱ्यात भरपूर अंडी घालतात, तो कोंबडा यादीत वर. त्याच्या संकरित लेकीही तशाच निघतील, असा आमचा हिशेब. शुद्धातला गुण संकरात किती उतरतो, हे सांगणारा एक आकडा असतो. तो पूर्ण एक असेल तर इथला पहिला तो तिथलाही पहिला. एकाच्या जितका खाली, तितकी आमची निवड म्हणजे अंदाजपंचे. आमच्या केंद्रात तो पूर्ण एक धरायची पद्धत होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मीही तो एक धरला होता आणि त्याबद्दल शाबासकी मिळवली होती.

ही धरलेली गोष्ट पडताळून बघायला केंद्राने बाहेर एक साधी शेड घेतली होती. ती मामाची. मी नोकरीला लागण्याच्या आधीपासून. तिथे संकरित कोंबड्या ठेवायच्या, एका कोंबड्याच्या लेकी एका पिंजऱ्यात, आणि त्यांच्या पायात बापाच्या रंगाचं कडं. निळं कडं म्हणजे आमच्या यादीतल्या पहिल्या कोंबड्याच्या लेकी. त्या कोंबड्याला केंद्रात सगळे ‘जावई’ म्हणायचे. त्याला वेगळा पंखा होता, खाद्य पहिल्यांदा त्याच्यापुढे जायचं, आणि तरीही तो कायम कशावरून तरी रुसल्यासारखा उभा असायचा.

मामाच्या शेडमधून वाईट बातमी आली होती. कोंबड्या एकमेकींना टोचत होत्या. पिसं उपटत होत्या, रक्त निघालं की बाकीच्या त्यावर तुटून पडत होत्या. रोज मेलेल्या निघत होत्या.

“पाहुणे आहेत ना तुमचे?” मोठ्या साहेबांनी मला विचारलं होतं. हसत विचारलं होतं.

“कामात पाहुणे नसतात, सर,” मी म्हणाले. हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं.

केंद्राचे पशुवैद्य माझ्याबरोबर होते. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. मामा फाटकाशीच उभा होता, धुवून निळसर पडलेला पांढरा शर्ट घालून. आम्ही बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले तोवर त्याने विचारलं, “बबडी झोपली का रात्री? पोट दुखत होतं म्हणे.”

बबडीचं पोट दुखायचं तेव्हा ती एकाच ठिकाणी गप्प व्हायची, मामाच्या हातावर. तो तिला पालथी घालून कोपरापासून तळव्यापर्यंत झोपवायचा, तळव्यात हनुवटी, दोन्ही बाजूंनी पाय लोंबते. पिल्लाचं पोट तपासताना धरतात तसं. मी घाबरून खाली हात धरून उभी राहायचे आणि तो म्हणायचा, “अगं, हजारो पिल्लं झोपवलीत या हातावर. ही तर बिनचोचीची आहे.” आठवड्यातून एकदा तो यायचाच, आणि त्या दिवशी मी जेवण गरम असताना जेवायचे.

“बरी आहे,” मी म्हणाले. मग डॉक्टर ऐकताहेत हे लक्षात येऊन म्हणाले, “तुम्ही शेड दाखवता ना?”

मामाला मी जन्मात ‘तुम्ही’ म्हटलेलं नव्हतं. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मग बाजूला होऊन दार उघडलं. “या ना. या, डॉक्टर.”

आत अंधुक होतं. उजेड कमी केला की टोचणं कमी होतं, म्हणून त्याने खिडक्यांना गोणपाटं लावली होती. प्रत्येक पिंजऱ्याला पांढऱ्या सुतळ्या बांधल्या होत्या, गाठी मारून. कोंबड्यांना चोच चालवायला काहीतरी हवं, म्हणून.

“लग्नाचा मांडव घातलात की,” डॉक्टर म्हणाले.

“काही लागू पडेना, डॉक्टर. पाण्यात मीठ घालून झालं, भांडी वाढवून झाली. माझंच कुठंतरी चुकतंय.”

डॉक्टरांनी एका पिंजऱ्यात हात घातला आणि हाताला लागली ती कोंबडी बाहेर काढली. काय दिसत होती ती. एकूण एक पीस जागच्या जागी, अंगावर तेल चोपडल्यासारखी चकाकी, तुरा लालभडक. पायात निळं कडं. तिच्या पिंजऱ्यातल्या बाकीच्या पाठीवरून सोललेल्या होत्या, कोपऱ्यात एकमेकींना चिकटून.

“निळ्यांचं असं झालं, की सुरुवातीला...” मामा बोलायला लागला.

“निळ्यांचंच म्हणतेय मी,” मी त्याला मध्येच तोडलं. “हिच्याकडे बघा. हीच शेड, हेच खाद्य, हेच पाणी. ही अशी राहू शकते, मग बाकीच्यांची ही दशा का? लक्ष कमी पडतंय. सकाळी-संध्याकाळी पुरेसा वेळ देता का तुम्ही?”

मामाने तोंड उघडलं होतं ते मिटलं.

“कमी पडत असेल,” तो म्हणाला. “वय झालं.”

डॉक्टरांनी कोंबडी परत आत सोडली. ती सोललेल्या कोंबड्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि त्या आणखी मागे सरकल्या. हे मी बघितलं. माझी नजर तशी कशावरून घसरत नाही, बबडीच्या गालावर एक पुटकुळी आली तरी मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. पण बाकीच्यांच्या पायात कोणत्या रंगाची कडी आहेत, हे मी बघितलं नाही. पाय खाद्याच्या पन्हळीआड होते. वाकलं असतं तर दिसले असते.

निघताना मामाने मला एक उभट पत्र्याचा डबा दिला. मेलेल्या कोंबड्यांच्या पायांतली कडी तो त्यात टाकत आला होता. ऑफिसात मी तो टेबलावर ओतला. लाल, पिवळी, हिरवी, ढिगाने. निळी अगदी थोडी, शेवटी पडलेली, वरच्यावर राहिलेली. म्हणजे जावयाच्या लेकी सगळ्यांत कमी मेल्या होत्या, आणि जिवंत होत्या त्यांची अंडीही भरपूर होती. इथला पहिला तो तिथलाही पहिला. आकडा पूर्ण एक. बाकी कोंबड्या मेल्या त्या शेडमुळे.

मी अहवालात लिहिलं, ‘व्यवस्थापनातील उणिवा.’ आपला माणूस म्हणून सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ते वाक्य जरा ठसठशीतच लिहिलं. साहेबांनी वाचून मान हलवली. चाचणी बंद झाली. उरलेल्या कोंबड्या गाडी येऊन घेऊन गेली. मामाचा मला मेसेज आला, ‘माझ्यामुळे तुला ऑफिसात खाली बघावं लागलं. माफ कर.’ मी एक हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, ‘असू दे रे, होतं असं.’

असू दे रे, होतं असं. त्याची चूक मी मोठ्या मनाने माफ केली होती.

पुढच्या आठवड्यात मामा आला. दाराजवळच्या स्टुलावर बसला. बबडी त्याला बघून हात नाचवायला लागली, तेव्हा आईने तिला उचलून त्याच्यापुढे धरलं.

“नको,” तो म्हणाला. “हात खरखरीत झालेत माझे.”

“आधी काय मखमलीचे होते? घे रे, वाट बघतेय ती.”

“नको, ताई. माझ्या हातून काही...” आणि त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. त्यांच्यावर बसला तो. बबडी रडायला लागली. आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटं घ्यायला आत गेले. त्यानंतर त्याचं येणं महिन्यावर गेलं, मग फोनवर, मग तोही आईनेच करायचा.

वर्ष गेलं. जावयाचे मुलगे एव्हाना सगळीकडे बाप झाले होते. आणि तक्रारी यायला लागल्या. एक आली, दोन आल्या, मग ज्या ज्या शेडमध्ये त्या वंशाच्या कोंबड्या गेल्या होत्या तिथून तिथून. साहेब प्रत्येक वेळी म्हणाले, व्यवस्थापन. मीही म्हणाले. मग मला एका शेडवर पाठवलं.

तिथली मालकीण पदर खोचून दारातच उभी होती. मी वही काढून, उजेड किती वेळ देता, खाद्य किती वेळा घालता, असं सुरू केलं. तिने मला पुरं बोलू दिलं.

“आमचं काय चुकलं ते विचारून झालं का? आता तुमचं काय चुकलं ते सांगा.”

“तसं नाही, बाई, आम्ही सगळ्या बाजूंनी...”

“मी बावीस बॅच काढल्यात या शेडमध्ये. एकमेकींना खाणाऱ्या कोंबड्या मी पहिल्यांदा बघतेय. तुम्ही आत जा. त्यांच्यासमोर उभ्या राहा. काही लिहू नका, नुसत्या उभ्या राहा. मग मला सांगा.”

मी उभी राहिले. सगळ्या एकाच बापाच्या वंशाच्या. एक दुसरीच्या शेपटीशी टोचायची, दुसरी वळून तिच्या मानेवर जायची, तिसरी दोघींवर. एकही पिंजरा सुना नव्हता आणि एकाही पिंजऱ्यात पाच जणी नव्हत्या. मला केंद्रातल्या त्यांच्या आत्या आणि चुलत बहिणी आठवल्या, थंड हवेत एकेकट्या, चकाकत्या पिसांच्या, यादीत पहिल्या. तिथे त्यांना टोचायला होतं कोण? ज्या गुणापायी ही सगळी शेड रक्ताळली, तो गुण एकटीच्या पिंजऱ्यात दिसायला जागाच नव्हती. उलट ज्या खमक्या, त्यांनीच अंडी जास्त दिली, आणि आम्ही पिढ्यानपिढ्या खमक्याच निवडत आलो. इथला पहिला तो तिथला शेवटचा निघू शकतो, हे मला तिथे उभं राहून कळलं.

पण मग मामाच्या शेडमध्ये निळ्या इतक्या छान कशा राहिल्या? त्याही तर पाच-पाच एकत्र होत्या. त्याच आधी संपायला हव्या होत्या. मला तो डबा आठवला. टेबलावर ओतताना निळी कडी शेवटी पडली होती. शेवटी पडली म्हणजे तळाशी होती. तळाशी होती म्हणजे सगळ्यांत आधी टाकलेली होती.

मी गाडी परस्पर मामाकडे घेतली.

मामा रिकाम्या शेडमध्ये झाडू मारत होता. वर्षभर तिथे एकही कोंबडी नव्हती, तरी फरशी ओली आणि स्वच्छ होती. सुतळ्या तशाच लोंबत होत्या.

“मामा, निळ्या कड्यावाल्या एकत्रच ठेवल्या होत्यास ना? पाच-पाच?”

तो झाडू टेकवून उभा राहिला. “आधी होत्या.”

“आधी म्हणजे?”

“त्यांनीच सुरुवात केली होती. फक्त त्याच. बाकीच्या पिंजऱ्यांत काही नव्हतं, गरीब होत्या त्या सगळ्या. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं निळ्यांच्या बाबतीत. तुमचा पहिल्या नंबरचा वंश, आणि माझ्याकडे येऊन मरायला लागला. मग मी त्या वाटल्या. एकेक निळी एकेका पिंजऱ्यात, तिथली एक इकडे. म्हटलं, चांगल्यांच्या घरात पडल्या की वळण लागेल.”

“आणि मग सगळीकडे सुरू झालं.”

“हो.”

“मला का नाही सांगितलंस?”

मामाने झाडू भिंतीला टेकवून ठेवला. तो सांगायला लागला होता आणि मी त्याला मध्येच तोडून ती चकचकीत कोंबडी दाखवली होती, हे दोघांनाही आठवत होतं. तो एवढंच म्हणाला, “पिंजरे बदलायचे नव्हते, नाही का? नियम होता. चुकलंच.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर सगळं मांडलं. डॉक्टरही होते. मी म्हणाले, शेडचा दोष नव्हता, माझा अहवाल चुकीचा होता, मी पाय बघितले नाहीत. जावयाचा वंश एकटा चांगला आणि चार जणींत मारका आहे, तो थांबवायला हवा. आकडा एक धरणं सोडायला हवं. निवडताना संकरित लेकींची, साध्या शेडमधली, एकत्र पिंजऱ्यातली कामगिरीही धरायला हवी. मी रात्रभर आकडेमोड करून आले होते. साहेबांनी ती नीट बघितली, प्रश्न विचारले, आणि खरं सांगते, सगळं मान्य केलं. माझं कौतुकही झालं. जावयाला यादीतून काढायचं ठरलं.

“आणि ती शेड परत सुरू करू या का, सर?” मी विचारलं. “त्यांच्यावर उगाच ठपका आला.”

“उगाच कसा?” साहेब म्हणाले, अगदी शांतपणे. “त्यांनी चाचणीत ढवळाढवळ केली. पिंजरे बदलले नसते तर आपल्याला हे वर्षभर आधी कळलं असतं.”

हे खोटं नव्हतं. मी त्याला सोडवायला गेले आणि त्याच्यावर पहिल्यापेक्षा पक्का आरोप ठेवून आले. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणायला हवं होतं, की त्यांनी सांगायला तोंड उघडलं होतं, मी बोलू दिलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण नुकतंच माझं कौतुक झालं होतं, आणि साहेब पुढच्या विषयाकडे वळले होते, आणि मी मूग गिळून बसले.

संध्याकाळी बबडीला घेऊन मामाकडे गेले. आता ती चालत होती, दिसेल ती वस्तू उचलून तोंडात घालत होती. मामाने मला बसायला खुर्ची पुसून दिली.

“बसा,” तो म्हणाला.

मला वाटलं चुकून आलं तोंडात. “मामा, ऐक. तुझी काही चूक नव्हती. वंशच तसा होता तो. आमची निवडच चुकत होती, सगळ्या शेडमध्ये तसंच झालं. तुझं काही चुकलं नाही.”

“सगळ्या शेडमध्ये?”

“हो. म्हणून तर सांगतेय.”

त्याने जरा विचार केला. मी त्याचा चेहरा हलका होण्याची वाट बघत होते.

“म्हणजे मी पिंजरे बदलले नसते, तर तुम्हाला वर्षभर आधी कळलं असतं,” तो म्हणाला. “त्या सगळ्या लोकांच्या कोंबड्या वाचल्या असत्या.”

साहेबांना पोचायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाही त्याला लागला नाही. शिंपीणकाकूंची सुई होती ती एकच होती. आता त्याने कुठल्या कुठल्या गावच्या, न बघितलेल्या शेडमधल्या कोंबड्या घेतल्या होत्या, एकूण एक.

“मामा, तू सांगत होतास. मीच तुला बोलू दिलं नाही. ऐकतोयस ना?”

“तुम्ही मोठं मन करून म्हणताय,” तो म्हणाला, आणि उठून पाणी आणायला आत गेला. “जरा कोमट आहे हं. माठ कालच फुटला, माझ्याच हातून.”

बबडी त्याच्या पायाशी गेली आणि हात वर केले. लहान मुलं करतात तसं, उचल म्हणून. त्याने पाण्याचा पेला मला दिला. मोकळे झालेले हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. मग तसाच वाकून तिच्याशी बोलत राहिला, छान बोलला, कावळा दाखवला, चिमणी दाखवली. मानेने दाखवली. ती कंटाळून माझ्याकडे आली तेव्हा त्याने मनगट सोडलं.

मी त्यानंतर जाते, पण उपयोग होत नाही. मला बघितलं की तो खुर्ची पुसतो. माझ्यापुढे तो शेडवाला असतो आणि मी तपासायला आलेली बाई. आईला आता त्याच्याकडे जायला चालवत नाही, आणि ती मला काही बोलत नाही. तिने एकदा सांगितलं होतं. नखं कापताना ती अजूनही मान वर करत नाही, पण आता मी तिच्या बोलण्याची वाट बघते.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. घरं संपून रस्ता जिथे अरुंद होतो, तिथे डाव्या हाताला एक लांबट, रिकामी, झाडून स्वच्छ ठेवलेली शेड आहे. खिडक्यांना गोणपाटं आहेत, आत पांढऱ्या सुतळ्या लोंबतात. त्या बाजूने गेलात तर थांबा जरा. हाक मारा, तो असतोच. पाणी मागा. पाणी कोमट आहे म्हणून तो माफी मागेल, तेव्हा बरं आहे म्हणा आणि पिऊन टाका. मी पाठवलं असं सांगू नका. आणि बरोबर लहान मूल असेल, तर घेता का म्हणून त्याला विचारू नका, तो नको म्हणेल. चप्पल घालायची आहे, किल्ली शोधायची आहे, असं काहीतरी करा आणि ते त्याच्याकडे देऊन टाका. घाबरू नका. तो पडू देणार नाही. मला फक्त एवढं कळवा, त्याने ते कसं धरलं.